युकुलेलेवर आर्पेजिओ चढतच नव्हता: माझा अनुभव

खानापुरात पावसाची झड लागली की घरात मी आणि युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. सी कॉर्डचा आर्पेजिओ (कॉर्डचे म्हणजे स्वरसमूहाचे सूर एकेक करून वाजवणं) मात्र चढेचना. पहिलाच सूर उंच, मग घसरगुंडी. बेळगावहून नव्या तारा आणल्या, तीनदा ट्यून केलं. वैताग आला नुसता.

चूक तारा ४-३-२-१ अशा क्रमाने छेडायच्या गिटारच्या सवयीत होती. युकुलेलेची चौथी तार ‘जी’ (G) सुराची, आणि तिचा सूर तिसऱ्या ‘सी’ (C) तारेपेक्षा उंच असतो.

आता पहिल्या तारेचा तिसरा पडदा अनामिकेने दाबून: तिसरी तार अंगठ्याने, दुसरी तर्जनीने, चौथी पुन्हा अंगठ्याने, पहिली मधल्या बोटाने. सी-ई-जी-सी, सरळ चढण. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर, ठोक्याला एक सूर.

एफ आणि ए मायनर या कॉर्डना याच क्रमाने शेवटचे दोन सूर सारखेच येतात. तिथेही मी उगाच खुंट्या पिळत बसलो होतो. चौथी तार लो-जी, म्हणजे खालच्या जी सुराची, असेल तर मात्र ४-३-२-१ च बरोबर.