घरून चालणाऱ्या व्यायामाच्या स्टडीत नाव दिलंय? मग या चुका टाळा

साताऱ्यातल्या बऱ्याच कॅन्सर पेशंटना तपासणीला कराड नाहीतर पुणं गाठावं लागतं, त्यात केमोचा थकवा, त्यामुळे व्यायामाचा स्टडी घरूनच व्हिडिओ कॉलवर आणि मनगटावरच्या घड्याळावर होत असेल तर फार सोयीचं पडतं. फक्त घरी बघायला कोणी नसतं, आणि तिथंच गडबड होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोटं लिहिणं. वाईट हेतूनं कोणी करत नाही, फिजिओ मॅडमना बरं वाटावं म्हणून करतात, तीन दिवस अंथरुणातून उठवलंच नाही तरी डायरीत रोज वीस मिनिटं, नाहीतर स्टेप्स भराव्यात म्हणून घड्याळ नातवाच्या हातात. अहो, केमोनंतर चौथ्या दिवशी माणसाला चालवत नाही, हीच तर त्यांना हवी असलेली माहिती आहे! नाही केला तर "नाही केला" लिहा, पुढं कारण लिहा, उलट्या झाल्या, तोंड आलं, पाहुणे आले, काहीही. खोट्या आकड्यावरून पुढच्या आठवड्याचा व्यायाम वाढवला तर त्रास तुम्हालाच होणार.

तुलनेसाठी एका ग्रुपला व्यायामाचा प्रोग्राम न देता फक्त माहितीपुस्तिका देतात, त्या ग्रुपमध्ये नाव आलं म्हणून काहीजण रागानं सोडून देतात. कुठल्याही क्षणी बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहेच, पण रागानं नको. 2025 मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरच्या चॅलेंज नावाच्या अशाच एका स्टडीचा निकाल आला, 889 पेशंट, ऑपरेशन आणि केमोनंतर ज्यांना तीन वर्षं व्यायामाचा प्रोग्राम दिला त्यांच्यातले साधारण 90 टक्के आठ वर्षांनी हयात होते, पुस्तिकावाल्यांत 83 टक्के. पुस्तिकावाले शेवटपर्यंत थांबले नसते तर हा फरक कळलाच नसता.

"मी वर्षानुवर्षं अजिंक्यतारा चढतोय, मला काय होतंय" असं म्हणून अंगावर घेऊ नका, केमोत बऱ्याचदा हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, गोळीनं ते कमीच दिसतात. तळपाय बधिर झाले असतील तर उठबस करायला हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती मागं सरकते, लाकडी घ्या आणि भिंतीला टेकवा.

फोन डब्याला टेकवून ठेवला की मॅडमना फक्त डोकं दिसतं, गुडघे दिसतील एवढा लांब ठेवा. व्हिडिओ अडकत असेल तर साधा फोन करा, पण कॉल बुडवू नका.

ताप 100.4 च्या वर, छातीत दुखणं, चक्कर, हाडात नवीन दुखणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन, पुढच्या व्हिडिओ कॉलची वाट बघायची नाही.

आणि संमतीपत्र न वाचता सही करू नका. त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटचे हक्क जपणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, सीटीआरआय (देशातल्या अशा स्टडींची सरकारी नोंदवही) नोंदणी विचारा, आणि भाग घ्यायचेच कोणी पैसे मागत असेल तर आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.