राफ्टमधून पाण्यात पडलात तर

आफ्रिकेतल्या झांबेझीसारख्या ग्रेड ५ च्या, म्हणजे अतिशय खवळलेल्या आणि अवघड प्रवाहाच्या नदीवर राफ्ट (हवा भरलेली रबरी होडी) उलटते, त्यामुळे पडल्यावर काय करायचं हे आधीच पाठ करून ठेवा. उभं राहायला अजिबात जाऊ नका, पाणी कमरेएवढं दिसलं तरी, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह तुम्हाला तोंडावर पाडतो आणि मग डोकं वर काढणं फार अवघड होतं. पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्याच्या वर, म्हणजे दगड आधी तळव्यांना लागतील. वाटेत आडवं झाड आलं आणि चुकवता येत नसेल तर मात्र पालथं व्हा, जोरात त्याच्याकडेच पोहा अन् वर चढा. दोर फेकला तर खांद्यावरून घेऊन छातीशी धरा, हाताला गुंडाळू नका प्लीज! आणि लाइफ जॅकेट निघायच्या आधीच घट्ट करा.