सोलापुरात बसून जुन्या पिकअपचं वय काढताना

इलेक्ट्रिक गिटारच्या जुन्या पिकअपचं वय काढून देणारं कुणी सोलापुरात आहे म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे लोक आधी हसतात. हसू देत. पॉवरलूमच्या मोटारी जळतात म्हणून इथे रिवाइंडिंगची दुकानं आहेत, आणि मी तिथूनच या कामात आलो. पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की खाली वेढ्यांत वीज तयार होते, एवढंच. ज्याला इनॅमल तार, म्हणजे वर इन्सुलेशनचा लेप दिलेली तांब्याची तार, बघून कळते त्याचं अर्धं शिक्षण झालंय असं धरा.

उरलेल्या अर्ध्यात पहिला अडथळा गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबराचा. अमेरिकन पिकअपच्या माहितीत ‘४२ नंबर तार’ लिहिलेलं असतं, ते अमेरिकन गेज. उघडं तांबं साधारण ०.०६३ मिलिमीटर जाड. आपल्या वाइंडिंगवाल्याकडे ४२ नंबर मागितलात तर तो ब्रिटिश गेजची तार देईल, ती ०.१ मिलिमीटरची. ती बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळावर, निम्मे वेढेसुद्धा बसू देणार नाही. मागायची असेल तर मिलिमीटरमध्ये मागा, नाहीतर ४६ नंबर म्हणा, तो जवळपास तिथे येतो. ही तार हाताने भरून बघितल्याशिवाय जुनं वाइंडिंग ओळखायला बसू नका. कारखान्याचं वाइंडिंग कसं बसतं आणि नंतर कुणी दुकानात भरलेलं कसं दिसतं, हा फरक फोटो बघून कळत नाही.

सरावाला माल कुठून आणायचा? गिब्सन-फेंडर या अमेरिकन कंपन्यांच्या मालाची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. मिरवणुकीतल्या बँजो पार्ट्यांच्या बँजोला पिकअपच असतो, आणि तो वर्षातून एकदा तरी बंद पडतो. ऑर्केस्ट्राच्या जमान्यातल्या जपानी गिटारी अजून माळ्यांवर आहेत, कोलकात्याच्या देशी गिटारी आहेत. बँजोवाल्यांचे मेलेले पिकअप मागून घ्या, उघडा, तार मोजा, परत भरा. इथे हात खराब झाला तरी कुणाचं नुकसान नाही.

आता खरं काम कसं चालतं ते एका नगावर सांगतो. कव्हर घातलेला गिब्सनचा हंबकर, म्हणजे दोन बॉबिनचा पिकअप, घेऊन एक काका आले. म्हणाले, “बघा की, हे एकोणसाठचं हाय. मागं पेटंटचा कागद बी हाय.” कागद होता, पण त्यावर नंबर होता २,७३७,८४२. गंमत अशी की हा नंबर हंबकरचा नाहीच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या नावावरच्या टेलपीसचा, म्हणजे गिटारच्या तारा खाली अडकवायच्या पट्टीचा. हंबकर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी बनवला, त्याचा अर्ज १९५५ साली गेला आणि पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ ला, नंबर २,८९६,४९१. गिब्सनने मात्र ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं लेबल १९५७ पासून साधारण १९६२ पर्यंत चालवलं आणि पुढे टेलपीसचाच नंबर छापला. नक्कल करणाऱ्यांना चकवायला तसं केलं असं बोललं जातं. कारण काहीही असो, नंबराचा कागद म्हणजे १९६२ च्या आसपास किंवा नंतर. मी म्हटलं, “काका, एकोणसाठचं नाही, पण साठच्या दशकातलं असू शकतं. आता मागून बघू.”

मागून म्हणजे काय काय? कव्हर पत्र्याला सोल्डरने जोडलेलं असतं. ते सोल्डर जुनं, मळकट आणि एकसंध असेल तर तिथेच हात थांबवा. आत पांढरे बॉबिन असतील का, हे बघायची खाज सगळ्यांनाच असते. १९५९-६० च्या सुमाराला काही बॉबिन काळ्याऐवजी क्रीम रंगाचे निघाले आणि त्यांचा आज भलताच बोलबाला आहे. पण न उघडलेल्या कव्हरची किंमत त्या उत्सुकतेपेक्षा जास्त. आधीच उघडलेलं असेल तर मात्र भिंग लावून बघा. बॉबिनच्या तोंडावर इंग्रजी टी अक्षर उठलेलं असेल तर तो साठीच्या शेवटापासून सत्तरीतला माल. तार गडद जांभळट असेल तर साधं इनॅमल, म्हणजे जुनी. लालसर-नारिंगी झाक असेल तर साधारण १९६३ नंतरची. काकांचं सोल्डर शाबूत होतं. मी ‘१९६२ नंतर, कव्हर न उघडलेलं’ एवढंच लिहून दिलं. त्यांचा चेहरा पडला, पण कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला.

लेबलावर एकट्यावर कधी जाऊ नका. नकली लेबलं विकत मिळतात. आणि अस्सल लेबलही फसवतं, कारण सोनेरी कव्हरचे पिकअप कमी खपायचे, त्यामुळे अर्जाचं जुनं लेबल त्यांच्यावर १९६२ नंतरही सापडतं. कारखाना आधी उरलेला माल संपवतो, हे गिरणगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

फेंडरचं थोडं सोपं. स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. पिकअप उलटा केला की खालची फायबरची पट्टी दिसते. ती काळी असेल तर १९६४ पर्यंतची, राखाडी असेल तर त्या सुमारापासून पुढची. राखाडीवर बरेचदा हाताने तारीख लिहिलेली सापडते. त्याच काळात फॉर्मवार नावाच्या लेपाची सोनेरी तार जाऊन गडद इनॅमल आली. लोक हे सगळं सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली त्याच्या माथी मारतात. पण तो व्यवहार जानेवारी १९६५ चा, राखाडी पट्टी त्याच्या आधीच आलेली. मॅग्नेटचे खांब कमी-जास्त उंचीचे असतील तर साधारण १९७४ च्या आधीचे, सगळे एका पातळीत असतील तर नंतरचे. हे झालं मूळ मालाचं. पुढे जुन्या पद्धतीच्या प्रती पुन्हा निघाल्या, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. खिशात छोटं होकायंत्र ठेवा. जुन्या स्ट्रॅटच्या तिन्ही पिकअपला सुई एकाच बाजूने वळते. मधला उलटा निघाला तर तो बदललेला आहे, असा संशय घ्या.

मीटरबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्या ४२ अंशांच्या दुपारी ८.१ च्या वर दाखवतो. तेवढ्यावर ‘जास्त वेढ्यांचा आहे, दुर्मीळ आहे’ म्हणून विकणारे भेटतात. मी रीडिंगच्या शेजारी खोलीचं तापमान लिहितो आणि पिकअप येताक्षणी मोजत नाही. स्कूटरच्या डिकीतून आलेला नग आधी सावलीत ठेवतो. तसंही ७.५ ते ८.५ मध्ये निम्मी दुनिया बसते. मीटरवरून वाइंडिंग तुटलंय का ते कळतं, साल कळत नाही.

गिटार सोबत असेल तर पॉटवरचे, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या कंट्रोलवरचे, आकडे वाचा. १३७६६३३ असं दिसलं तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, आणि ३३ वा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. याचा अर्थ गिटार त्या आठवड्याच्या आधीची नाही, इतकाच. फेंडरने १९६६ चे पॉट इतके घेऊन ठेवले होते की ते १९६९ च्या गिटारींतही निघतात. आणि आपल्याकडे तर पॉट खराब झाला की रेडिओ दुकानातला व्हॉल्यूम कंट्रोल बसवायची पद्धत. अशा वेळी त्या पॉटवरून गिटारचं काहीच ठरत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. नुसतं वय काढून सोलापुरात घर चालत नाही. रिवाइंडिंग, फ्रेट घासणं, जॅक बदलणं यावर चालतं. वय काढायचं काम फोटोवरून येतं, बहुतेक पुण्या-मुंबईच्या खरेदीदारांकडून, विकत घेण्याआधी. त्यांना निकाल देऊ नका, निरीक्षण द्या: पट्टीचा रंग, तारेचा रंग, सोल्डर मूळ की छेडलेलं, रीडिंग, तापमान, ‘या सालाच्या आधीचा नाही’. काय दिसलं नाही तेही लिहा. फी नगावर घ्या, किमतीच्या टक्क्यांवर नाही, नाहीतर तुमचंच साल जुनं व्हायला लागतं. आणि जो नग स्वतःला विकत घ्यायचा आहे त्याचं वय मालकाला तुम्ही सांगू नका, दुसऱ्याकडे पाठवा.

हाताखाली शिकायला यायचं असेल तर गणपतीच्या आधी येऊ नका. तेव्हा टेबलावर फक्त बँजो असतात आणि मालक दारात उभे असतात. अनंत चतुर्दशी झाली की या. येताना भिंग, व्हर्नियर आणि स्वतः भरलेला एक पिकअप आणा, वाजत नसला तरी चालेल.