थ्रीडी व्हिडिओ कसा वाटला, हे लोकांना नेमकं कसं विचारावं

थ्रीडी क्लिप तयार झाली की चार मित्रांना बोलवा, चष्मे वाटा आणि ‘कसं वाटलं?’ म्हणून विचारा, असा सल्ला सर्रास मिळतो. असं विचारलंत तर ‘भारी!’ एवढंच ऐकू येईल. ते कौतुक चष्म्याचं असतं.

१. माणसं निवडा. चित्राचा दर्जा प्रेक्षकांकडून कसा तपासावा हे सांगणारी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.५०० ही शिफारस किमान १५ प्रेक्षक सांगते. घरच्या कामाला दहा पुरतात. तिरळेपणामुळे किंवा एक डोळा आळशी असल्यामुळे काहींना थ्रीडीतली खोली दिसतच नाही, आणि पुष्कळदा त्यांना ते ठाऊकही नसतं. म्हणून आधी ठिपक्यांच्या कार्डावर (खोली दिसली तरच त्यातला आकार ओळखता येतो) प्रत्येकाची नजर तपासा.

२. खोलीत अंधार करा. पडद्याचा उजेड चष्मा लावूनच ठरवा, कारण निम्म्याहून जास्त प्रकाश चष्माच खातो. पोलराइज्ड चष्म्याचा टीव्ही असेल तर कुणालाही जमिनीवर बसवू नका, खालून बघताना प्रतिमा दुहेरी दिसतात.

३. टेप घ्या. चष्मा काढा, क्लिप थांबवा आणि सर्वांत दूरच्या वस्तूच्या डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीच्या दोन प्रतिमांमधलं अंतर पडद्यावरच मोजा. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६.५ सेंमी अंतर असतं. प्रतिमांमधलं अंतर त्याहून वाढलं की डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. लहान मुलांची मर्यादा आणखी कमी. हे मोजमाप ज्या पडद्यावर दाखवणार त्यावरच घ्या: संगणकावरचा अर्धा सेंटीमीटर सभागृहाच्या १० मीटर पडद्यावर जवळपास १० सेंमी होतो.

४. प्रश्न. खरी मेख इथे आहे, आणि मी दोन वर्षं इथेच आपटत होतो. एकच आकडा मागायचो, पाचपैकी गुण द्या म्हणून. सगळ्या क्लिपांना चार मिळायचे. एकदा तर माझ्या हातून बागेच्या एका क्लिपमध्ये डाव्या-उजव्या डोळ्यांच्या प्रतिमांची अदलाबदल झाली होती, तरी तिलाही चार! नंतर चहा घेताना एक काकू म्हणाल्या, ‘त्या बागेच्या वेळी डोळ्यांत काहीतरी खुपत होतं बाई.’ माझ्या कागदावर ते लिहायला जागाच नव्हती.

‘दर्जा’ विचारलात की लोक स्पष्टपणा, रंग आणि चौकोनी डाग बघतात. खोलीचे गुण त्यात जवळजवळ येतच नाहीत. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे ठेवा: चित्र कसं होतं, खोली किती पटली, आणि बघताना डोळ्यांना किती निवांत वाटलं. थ्रीडीसाठीची बीटी.२०२१ ही शिफारसही हेच तीन धागे वेगळे धरते. तिन्हींची सरासरी काढू नका, नाहीतर पुन्हा तोच चार हातात येईल.

‘डोकं दुखतंय का?’ हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलं की काहींना दुखायला लागतं. आणि तिसऱ्या प्रश्नासाठी दहा सेकंदांची क्लिप निरुपयोगी. डोळ्यांचा फोकस पडद्यावर स्थिर असतो, पण पुढे आलेल्या वस्तूसाठी दोन्ही डोळे आत वळतात; ही ओढाताण काही मिनिटांनी जाणवते. चित्रासाठी छोट्या क्लिपा आणि डोळ्यांसाठी सलग पाच मिनिटं, असं मी करतो. मधेच त्याच क्लिपची टूडी प्रत न सांगता घुसवा. तिला खोलीचे गुण थ्रीडीइतकेच मिळाले तर तुमच्या थ्रीडीने काहीच कमावलेलं नाही.

५. क्रम दर प्रेक्षकाला बदला, पहिल्या चार-पाच क्लिपांचे गुण मोजू नका, अर्ध्या तासात उठा.

निवांतपणाचे गुण एकाच क्लिपला कमी पडले, तर पुढे आलेली वस्तू मागे ढकलण्यासाठी दोन्ही प्रतिमा आडव्या सरकवा. पण त्याने पार्श्वभूमीही मागे जाते, म्हणून पुन्हा टेप काढा.