युद्धखेळात रणगाडा रुतवायचा कसा?

रणगाडा चिखलाच्या षटकोनात (खेळाच्या नकाशावरच्या सहा बाजूंच्या घरात) शिरला की दोन फासे टाका. बेरीज 11 किंवा 12 आली तर तो रुतला. शक्यता 36 पैकी 3. अरुंद पट्ट्यांच्या (चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्यांच्या) अमेरिकी शर्मन रणगाड्याला बेरजेत 1 मिळवा, शक्यता थेट दुप्पट होते. रुंद पट्ट्यांच्या सोव्हिएत टी-34 साठी 1 वजा करा.

फासे एका चालीत एकदाच. दर षटकोनाला टाकले तर सहा षटकोनांत दोन-तृतीयांश शर्मन अडकतात आणि खेळाची मजाच जाते. रुतलेला रणगाडा बुरूज फिरवून गोळे डागू शकतो, हे बरेच जण विसरतात! बाहेर काढायला दुसरा रणगाडा शेजारी आणा. ओढताना दोघांचीही चाल जाते.

बिघाड वेगळा मोजा. 1943 च्या जर्मन पँथर रणगाड्याचा फायनल ड्राइव्ह (पट्ट्या फिरवणाऱ्या चाकापर्यंत ताकद पोचवणारे शेवटचे गिअर) कच्चा होता, म्हणून त्याला कोरड्या रस्त्यावरही लांब चालीनंतर फासे टाकायला लावा: बेरीज 2 आली तर उरलेला खेळ जागेवरच.