मेंढीपालन तोट्यात का जातं? भावाला दोष देण्याआधी या चुका तपासा

कोकराला भाव मिळाला नाही म्हणून तोटा झाला, हे कारण सांगायला सोपं असतं. भाव आपल्या हातात नसतो, त्यामुळे दोषही आपल्याकडे येत नाही. माझ्या वहीतही पहिली तीन वर्षं हेच एक कारण लिहिलेलं आहे. चौथ्या वर्षी मी पैशांऐवजी कोकरांत हिशेब मांडला आणि भलतंच चित्र दिसलं.

समजा, एका मेंढीचा वर्षाचा चारा, खुराक, औषध, मजुरी आणि पैदाशीच्या मेंढ्याचा वाटा मिळून पाऊण कोकराच्या किमतीएवढा खर्च येतो. म्हणजे शंभर मेंढ्यांमागे पहिली ७५ कोकरं खर्चातच गेली. ९० विकली तर हाती राहिली १५. १०५ विकली तर ३०. कोकरं सहाव्या हिश्श्याने वाढली, शिल्लक मात्र दुप्पट झाली. (जास्तीच्या कोकरांचं खाणं वजा करा, तरी फरक मोठाच राहतो.) न्यूझीलंडमध्ये १९८२ साली सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या. १९८४ पासून सरकारी अनुदानं बंद झाली आणि आज तिथे त्याच्या जेमतेम एक तृतीयांश उरल्या आहेत. कोकराच्या मांसाचं उत्पादन मात्र त्या प्रमाणात घसरलं नाही, कारण दर मेंढीमागे कोकरं जास्त जगू लागली आणि ती जास्त वजनाची होऊन विकली जाऊ लागली.

फक्त जन्म मोजणं

वहीत पाच आकडे हवेत: मेंढ्याकडे सोडलेल्या मेंढ्या, व्यालेल्या मेंढ्या, जन्मलेली कोकरं, दूध तोडेपर्यंत जगलेली कोकरं आणि विकलेली कोकरं. कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये मोठी गळती आहे ते पाहिलं की चूक कुठे झाली ते निम्मं कळतं.

मेंढ्या गाभणच कमी राहिल्या तर आधी मेंढा तपासा. एका शुक्राणूला तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. म्हणून दीड-दोन महिन्यांपूर्वी त्याला सडकून ताप आला असेल किंवा पाय सडला असेल, तर आज तो धडधाकट दिसूनही कामाचा नसतो. एका तयार मेंढ्यामागे ४० मेंढ्या ठीक. पहिल्या वर्षीच्या तरण्यामागे २०-२५ पुरेत.

गाभण राहिल्या पण जुळी नाहीत, तर चूक त्या आधीची आहे. पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर बोटं दाबून मेंढीला १ ते ५ गुण देण्याची पद्धत आहे. लोकर दाट असली की डोळा फसतो, बोटं फसत नाहीत. मेंढ्याकडे सोडताना ३ ते साडेतीन गुण हवेत. रोड मेंढ्यांना सोडण्याआधी दोन-तीन आठवडे चांगला चारा-खुराक दिला तर बीजांडं जास्त सुटतात. जी आधीच गलेलठ्ठ आहे तिला खाऊ घालून उपयोग नाही.

शेवटचे सहा आठवडे काटकसरीत काढणं

मेंढी साधारण १४७ दिवस गाभण असते. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची ७० टक्क्यांच्या आसपास वाढ होते. पोट कोकरांनी भरलेलं असल्यामुळे मेंढीला चाराही कमी मावतो. नेमकं याच काळात, अजून दूध देत नाही म्हणून, खुराक कापला जातो. मग एखादी मेंढी कळपापासून लांब उभी दिसते, खात नाही, हाक मारली तरी डोळे शून्यात, तोंडाला गोडसर उग्र वास. हा गाभणकाळातला विषार, आणि पोटात जुळी-तिळी असलेल्यांना तो आधी गाठतो. या टप्प्यावर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा. अति लठ्ठ मेंढीलाही तो होतो, म्हणून दोन्ही टोकं वाईट.

कोकरू पडलं की पहिला प्रश्न चिकाचा. पहिल्या दोन तासांत दर किलो वजनामागे ५० मिली आणि २४ तासांत २०० मिली. चार किलोच्या कोकराला पहिल्यांदा २०० मिली म्हणजे चहाचे दोन कप, आणि दिवसभरात पाऊण लिटरच्या वर. ‘पितंय’ असं लांबून वाटणं आणि पोटात चीक जाणं यांत अंतर आहे. सडाच्या तोंडाशी मेणासारखा गुठळा असतो. तो पिळून काढला नाही तर कोकरू चोखतं, शेपटी हलवतं आणि उपाशी राहतं. मी एकदा रात्री तीन जुळी तशीच ‘पितायत’ म्हणून सोडली. पहाटे एकाच्या तोंडात बोट घातलं तर आतून गार. त्या दिवसापासून मी पोट चाचपल्याशिवाय उठत नाही. गार पडलेल्या, पाच तासांहून मोठ्या कोकराला आधी ऊब देण्याची घाई करू नका. रक्तातली साखर संपलेली असते आणि ऊब लागताच ते झटके येऊन मरू शकतं. आधी ग्लुकोज, मग ऊब. ते कसं द्यायचं हे पशुवैद्यकाकडून आधीच शिकून ठेवा. नाळेला आयोडीन लावायला मिनिटही लागत नाही.

आंत्रविषाराची लस मेंढीला विण्याआधी चार ते सहा आठवडे टोचली तर तिचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं. व्याल्यावर टोचली तर ती संधी गेली.

हगवण नाही म्हणजे जंत नाहीत

ही समजूत सगळ्यांत महाग पडते. मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहणारा लाल-पांढरा पीळदार जंत रक्त पितो, हगवण लावत नाही. एक मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालते. मेंढी वरून बरी दिसते. फक्त चालताना मागे पडते आणि जबड्याखाली पाणी उतरतं. तोवर उशीर झालेला असतो. खालची पापणी ओढून रंग पाहा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच छटांचं फमाचा कार्ड तयार झालं: लालबुंद म्हणजे १, पांढरीफटक म्हणजे ५. चार आणि पाचला औषध द्याच. तीनला कोकरू किंवा गाभण मेंढी असेल तर द्या.

सरसकट सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजलं की त्याला दाद न देणारेच जंत मागे उरतात. अंदाजाने कमी डोस दिला तरी तेच होतं. गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनावर डोस धरा. औषध पाजून लगेच स्वच्छ कुरणात सोडा, हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. त्यातून नव्या कुरणात फक्त चिवट जंतांचीच पैदास होते. औषधानंतर १०-१४ दिवसांनी लेंडी तपासून घ्या. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर औषध बदलायची वेळ आली.

जाता जाता: गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी लघवी लाल होऊन ती मरते.

जात बदलली की नफा, असं मानणं

जातीवरून भांडायला मजा येते, पण बहुतेक भांडणं चुकीच्या प्रश्नावर असतात. मोठी मेंढी मोठं कोकरू देते हे खरं. पण ती वर्षभर रोज मोठ्या अंगाचं खाते. ४५ किलोची मेंढी ३० किलोचं कोकरू वाढवते आणि ७० किलोची ३५ किलोचं, तर पहिली फायद्याची. आई मध्यम अंगाची आणि नर सफोक किंवा टेक्सेलसारखा मांसल, अशी जोडी जमते. फक्त त्या संकराची सगळी कोकरं विकायची असतात. चांगली दिसतात म्हणून माद्या कळपात ठेवत गेलं की चार वर्षांत आई मध्यम राहत नाही.

डॉर्पर ही जात दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात कोरड्या मुलखासाठी डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन यांच्या संकरातून झाली. ती अंगावरचे केस बरेचसे आपोआप गाळते, आणि जाडीभरडी लोकर जिथे कातरणीचाही खर्च काढत नाही तिथे हा फायदाच आहे. तलम लोकरीच्या मेरिनो जातीचा हिशेब वेगळा. सुंदरबनातली इवलीशी गारोळ मेंढी जुळी देते ती एका जनुकामुळे. तेच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरुला मेरिनोत सापडलं आणि फलटणच्या निंबकर संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ केली. पण जनुक कोकरं देतं, दूध नाही. सड दोनच असतात. खुराक आणि देखरेख वाढवायची तयारी नसेल तर तिळ्यांपेक्षा एक धडधाकट कोकरू बरं.

जनावराचं ‘कल्याण’ म्हणजे चोचले, असं मानणं

लंगड्या मेंढीचं खूर खोलवर कापायची जुनी सवय घ्या. रक्त येईपर्यंत कापलं की काम चोख झालं असं वाटतं. खूरकुजीत असं कापल्याने बरं व्हायला उलट जास्त दिवस लागतात, हे आता अभ्यासांतून स्पष्ट झालंय. लंगडी दिसताच वेगळी करा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक द्या आणि पुन्हापुन्हा लंगडणारी कळपातून काढा. लंगडी मेंढी कमी चरते, कमी दूध देते, म्हणजे कोकरू हलकं. शेपटी अगदी बुडापासून छाटल्यास गुदाशय बाहेर येण्याचा धोका वाढतो.

माश्यांचा उपद्रव टाळायला मेरिनोच्या मागच्या बाजूची कातडी कापण्याची प्रथा न्यूझीलंडने २०१८ मध्ये बंद केली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आखातात निघालेल्या जहाजावर उष्म्याने सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या. त्यावरून पेटलेल्या वादातून २०२४ मध्ये कायदा झाला आणि तिथून जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात १ मे २०२८ पासून बंद होणार आहे. जे फक्त त्या गिऱ्हाइकावर कळप वाढवत होते, त्यांना आता नवा बाजार शोधावा लागतोय.

नजरेने विकणं

नगावर, उक्तं विकताना व्यापाऱ्याचा डोळा तुमच्यापेक्षा कसलेला असतो. त्याने रोज शंभर पाहिलेली असतात. ताणकाट्याला दहा कोकरं टांगा, सरासरी काढा आणि मग बोला. मटणाचा उतारा जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास येतो. पोट चाऱ्याने तुडुंब असेल तर तो कमी दिसतो, हे त्यालाही माहीत असतं. ईदची मागणी धरून वाढवत असाल तर ती दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. मेंढा कधी सोडायचा ती तारीखही तेवढीच मागे घ्या. आणि दर पंधरवड्याला तीच कोकरं पुन्हा तोला. वाढ मंदावली आणि खुराक तेवढाच राहिला, तर त्याच आठवड्यात विका.