कर्करोगाच्या उपचारात तोंडाची आणि दातांची निगा

तोंडावर किंवा मानेवर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले की घरात पैशांची, गाडीची आणि सोबत कोण जाणार याची जुळवाजुळव सुरू होते, आणि त्या धावपळीत दात दाखवायचे राहून जातात. ते राहू देऊ नये. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड-जालन्याहून येणाऱ्यांना त्याच शहरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी करून घेता येते. काढण्याजोगा दात शेक सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढावा, म्हणजे जखम भरायला अवधी मिळतो. शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दात काढल्यास जखम न भरता हाड कुजण्याची भीती असते. म्हणून उपचार संपून कितीही वर्षे लोटली, तरी दंतवैद्याला शेक घेतल्याचे आधी सांगावे.

केमोथेरपीत वेगाने वाढणाऱ्या पेशी मारल्या जातात, आणि तोंडाच्या आतले अस्तरही अशाच पेशींचे असल्यामुळे औषधानंतर साधारण 5 ते 10 दिवसांत तोंड येते. दुखते म्हणून दात घासणे सोडले, तर जंतू वाढून त्रास अधिकच होतो. अगदी मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून, फ्लोराईडची पेस्ट लावून हलक्या हाताने दात घासावेत. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ विरघळवून दर दोन-तीन तासांनी चुळा भराव्यात. हे पाणी गिळू नये आणि रोज ताजे करावे. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे.

मिसरी मात्र पूर्ण बंद करावी. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि सोललेल्या हिरड्यांवर तिचे बोट फिरवणे म्हणजे जखम रोज नव्याने उघडणे होय. वर्षानुवर्षांची सवय असलेल्या आईला किंवा आजीला यावरून बोल लावू नये. तलफ सुटत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, त्यावर उपाय असतात.

ज्वारीच्या भाकरीचा कडक पापुद्रा टोचतो, म्हणून ती दुधात किंवा फिक्या वरणात कुस्करून, पुरती मऊ झाल्यावर कोमटच द्यावी. ठेचा आणि आंबट पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत.

जिभेवर पांढरे चट्टे आले, हिरड्यांतून रक्त थांबेना, पाणीही गिळवेना किंवा ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना कळवावे.